माळढोक बघायला अण्णांना घेऊन थरमध्ये तीन रात्री

जाऊन येऊन आता दोन महिने होत आले, तरी ओळखीतलं कोणी ना कोणी भेटतं आणि तेच विचारतं, तंबू कुठं लावला, परवानगी कुणाची घेतली, वडिलांना एवढ्या लांब कसं काय नेलंस, वाळूनं कॅमेरा खराब नाही का झाला. जायच्या आधी हेच प्रश्न मला पण होते आणि नीट सांगणारं कोणी भेटत नव्हतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. जरा लांबेल.

आधी कशासाठी गेलो ते सांगते. आमचे अण्णा मूळचे जत तालुक्यातले, कृषी सहायक म्हणून रिटायर झाले, आता ६८ वर्षांचे आहेत. लहानपणी माळावर शेरडं राखायला जायचे तेव्हा त्यांनी माळढोक बघितलेला. गोष्ट सांगायला लागले की उठून उभं राहायचे आणि तो पक्षी कसा मान वर करून एकेक पाऊल टाकत चालतो ते करून दाखवायचे. आता जतच्या माळावर तो नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तिथं आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा काळवीट भरपूर दिसले पण माळढोक नाही. सगळ्या देशात मिळून आता दीडशेच्या आसपास उरलेत असा अंदाज सांगतात आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मला फोटोग्राफीचा नाद गेली सहा-सात वर्षं. म्हणून ठरवलं की अण्णांचे गुडघे चालतायत तोवर जाऊन यायचं.

तारीख ठरवायला मी पंचांग घेऊन बसले. रात्री ताऱ्यांचे फोटो काढायचे होते म्हणजे अमावस्या पाहिजे, रोहिड्याचं झाड फुललेलं पाहिजे म्हणजे फेब्रुवारी अर्धा सरलेला पाहिजे, आणि मार्च मध्यावर आला की तिकडं ऊन चढायला लागतं. माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला मरू महोत्सव असतो, तेव्हा गर्दी, तेही टाळायचं होतं. सगळं जुळवून २७ फेब्रुवारी २०२५ ची अमावस्या धरली. आठ दिवसांची अर्जित रजा टाकली, मार्चएंड तोंडावर असल्यामुळं साहेबांनी दोनदा विचारलं की पुढं ढकलता येईल का, मी म्हणलं नाही येणार सर, अमावस्या पुढं ढकलता येत नाही. सही मिळाली.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस गेले, तेव्हा २६ डिसेंबरला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंदच आहे, पण लोअर बर्थचा कोटा असतो, तो निवडायला विसरू नका. सांगलीहून मुंबईला महालक्ष्मी आणि वांद्र्याहून जोधपूरला सूर्यनगरी, दोन्ही रोजच्या गाड्या असल्यामुळं एक जरी चुकली तरी दुसऱ्या दिवशी पर्याय राहतो, हा विचार केला. एक नीट लक्षात ठेवा, वांद्रे स्टेशन आणि वांद्रे टर्मिनस ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. आम्ही दादरला उतरून लोकलनं वांद्रे गाठलं आणि तिथून पूर्वेला बाहेर पडून रिक्षा केली. सामान घेऊन चालत जाऊ नका.

सामानाचं सांगते. माझी स्वतःची लेन्स ३०० पर्यंतचीच, म्हणून १५०-६०० भाड्यानं आणली, दहा दिवसांचे ७,००० रुपये आणि २०,००० डिपॉझिट. दोन माणसांचा तंबू ४,८०० ला घेतला. तो घराच्या गच्चीवर दोनदा लावून बघितला, अंधारात पण एकदा लावला, हे जरूर करा. गॅसची शेगडी आणि त्याचे डबे रेल्वेत नेता येत नाहीत, म्हणून स्वयंपाकाचं काही घेतलंच नाही. आईनं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग दिलं. अण्णांनी खताची सहा रिकामी पोती धुऊन घडी करून बॅगेत घातली. मी म्हणलं अण्णा हे कशाला, तर म्हणाले, "असू दे की गं, पोतं कुठंबी लागतं." मी ती काढून ठेवणार होते. ठेवली नाहीत ते किती बरं झालं ते पुढं येईल.

२४ फेब्रुवारीला रात्री सांगली सोडली. बाजारात तेव्हा द्राक्षं आणि हळदीची गडबड चालू होती, गाडीत शेजारचे एक जण मुंबईला द्राक्षाची पेटी घेऊन चालले होते, सगळा डबा त्या वासानं भरलेला. २६ ला सकाळी जोधपूर, तिथून बसनं जैसलमेर, २८५ किलोमीटर, दुपार झाली. लॉजवर सामान टाकून मी लगेच वनखात्याच्या ऑफिसला गेले तर कुलूप. त्या दिवशी महाशिवरात्र होती. अमावस्या शोधताना पंचांग इतकं चाळलं आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी शिवरात्र असते म्हणजे सरकारी सुट्टी असते हे डोक्यातच आलं नाही. एक अख्खा दिवस गेला. मला इतकं वाईट वाटलं की जेवण जाईना. अण्णा मात्र शांत, म्हणाले चल, महादेवाचं देऊळ बघून येऊ, उपास हाय नव्हं तुझा. गेलो, बरं वाटलं.

२७ ला ऑफिस उघडायच्या आधीच दारात. ओळखपत्राची झेरॉक्स आणि ओरिजिनल दोन्ही जवळ ठेवा, आमच्याकडं ओरिजिनल मागितलं आणि अण्णांचं आधार लॉजवरच्या बॅगेत राहिलेलं, परत रिक्षानं जाऊन आणलं. माणशी तिकीट वेगळं, गाडीचं वेगळं, कॅमेऱ्याचं विचारून घ्या, आणि पावती जीपमध्ये वर हाताशी ठेवा, ती दोनदा बघतात. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलंय, आणि आत गावं आहेत, शेती आहे, गुरं चरतात, म्हणजे आपल्या डोळ्यांपुढं जंगलाचं गेट वगैरे येतं तसं नाही. पण म्हणून आत वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही. आम्ही पार्कच्या हद्दीबाहेर एका ढाणीवर, म्हणजे आपल्याकडची वस्ती, तिथल्या घरमालकांना विचारून त्यांच्या रानात तंबू लावला. हे जीपवाल्या भाईसांनी जानेवारीतच फोनवर ठरवून दिलेलं. दोघांचं दोन वेळचं जेवण, चहा, पाणी धरून दिवसाला १,५०० रुपये. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूंची रिसॉर्ट आहेत, पण तिथं रात्री लाइट आणि गाणी असतात, तारे बघायचे असतील तर लांब जा. सीमा जवळ असल्यामुळं ड्रोनचा विचार करू नका, आणि लष्कराचं किंवा बीएसएफचं काहीही फ्रेममध्ये घेऊ नका.

पहिल्या रात्रीचं नीट सांगते कारण माझी सगळ्यात जास्त फजिती त्या रात्री झाली. आभाळ ढगाळलेलं, पश्चिमेकडून वारं. तंबूसोबत आलेले लोखंडी खिळे वाळूत घातले, हातानं दाबले तरी आत जात होते, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. रात्री साडेअकराला तंबूची एक बाजू फडफड करत वर उठली आणि कापड तोंडावर आलं. बाहेर येऊन टॉर्च लावला तर आठातले पाच खिळे निघून आलेले आणि वाळू दातात, कानात, सगळीकडं. मी रडायच्या घाईला आले, कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून बसले होते. अण्णांनी पोती बाहेर काढली. एकेका पोत्यात दोन-तीन घमेली होईल एवढी वाळू हातानं भरली, तोंड बांधलं, त्याला तंबूची दोरी बांधली आणि हातभर खड्डा काढून पोतं आडवं पुरलं, वर परत वाळू ओढून पायानं दाबली. चार कोपऱ्यांना चार, वाऱ्याच्या बाजूला दोन जादा. अर्ध्या तासात तंबू असा बसला की तीन रात्री हलला नाही. म्हणाले, "खुट्टी वाळूत धरत न्हाई, वजन धरतंय." जाणाऱ्यांनी हे एवढं वाक्य लिहून घ्या. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला करा हे पण.

२८ ला पहाटे पाचला उठलो. गारठा चांगलाच होता, स्वेटर आणि कानटोपी लागली, दुपारी मात्र हाफ शर्टवर. सकाळी बूट झटकून मगच घालायचे, विंचू असतात, आणि थंडी ओसरायला लागली की फुरसंही बाहेर पडतं, म्हणून रात्री टॉर्चशिवाय आणि चपलेवर कुठंही जायचं नाही. सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, सांगलीपेक्षा उशिरा, त्या हिशोबानं पार्कमधल्या सुदासरीला गेलो. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूला विजेच्या तारा आणि लांबवर पवनचक्क्या. काही तारांना गोल चकत्या लावलेल्या. माळढोक जड पक्षी, मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि उडताना तार दिसली तरी पटकन वळता येत नाही. वर्षाला मादी एकच अंडं घालते, तेव्हा एक पक्षी तारेला धडकून मेला तर ते नुकसान किती वर्षांचं होतं बघा. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला होता, २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमली. भाईसा हे सगळं सांगत होते आणि अण्णा खिडकीतून तारा मोजत होते.

सुदासरीत दोन तास काहीच नाही. म्हणजे चिंकारा होते, एक वाळवंटी कोल्हा बिळाच्या तोंडाशी बसलेला, सेवण गवतावर चंडोल उडत होते, पण ज्यासाठी गेलो ते नाही. मग नऊच्या पुढं भाईसांनी जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि हातानंच दाखवलं. मला लेन्समधून फक्त गवत आणि लहरी दिसत होत्या. वाळू तापायला लागली की जमिनीलगतची हवा अशी हलते की लांबचं सगळं पाण्यात असल्यागत दिसतं, ६०० ची लेन्स असून उपयोग नाही, म्हणून लांबचे फोटो सूर्य उगवल्यापासून तासा-दीड तासातच. अण्णांकडं दुर्बीण होती. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळू म्हणाले, "तीच चाल. बग, पाय कसा उचलतोय." मग मला दिसला. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, अंग मातीच्या रंगाचं, आणि तो थांबत थांबत, एकेक पाऊल उचलून ठेवत गवतातून चालला होता, अण्णा आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात करून दाखवायचे अगदी तसाच. मी पाच-सहा फोटो काढले, सगळ्यात तो एक ठिपका आहे. जीप पुढं घ्या असं भाईसांना म्हणायची इच्छा झाली होती पण म्हणलं नाही, आणि तुम्ही पण म्हणू नका. अकरा-बारा मिनिटांनी तो गवताच्या पलीकडं गेला. अण्णांनी दुर्बीण मांडीवर ठेवली, काचा शर्टानं पुसल्या. साठ वर्षांनी, एवढंच म्हणाले.

त्या दिवशी दुपारी परत आलो आणि खरं तर तिथून पुढं माझे फोटो सुधारले, कारण गाडीनं फिरणं बंद केलं. भाड्याची जीप दुसऱ्या दिवशी सांगूनच टाकली की नको, आता नेण्याच्या दिवशीच या. ढाणीच्या पाचशे पावलांत काय काय होतं ते आधी दिसलंच नव्हतं. एक रोहिडा होता, पानं थोडी आणि नारिंगी-पिवळी घंटेसारखी फुलं लगडलेली, त्यावर सकाळी भोरड्यांचा थवा उतरायचा. भोरड्या बघून अण्णा खूश, जत भागात ज्वारीवर येतात तेव्हा गोफणीनं हाकलायच्या त्याच या, आणि इथं कोणी हाकलत नाही. केरच्या झुडपाला लाल फुलं आलेली, ती आपली नेपती. खेजडी म्हणजे शमी, आपण दसऱ्याला पूजतो तीच. कडू इंद्रावणीचे वेल वाळूवर पसरलेले. अण्णा झाड ओळखायचे, मालकीणबाई त्यांचं मारवाडी नाव सांगायच्या, असं त्यांचं तासभर चालायचं, दोघांनाही एकमेकांची भाषा अर्धीच कळत होती.

१ मार्चचा मधला वेळ, दहा ते बारा, ज्या वेळेला सगळे फोटोवाले कॅमेरा बॅगेत घालतात, तो मी एका सांड्याच्या बिळापुढं काढला. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा मोठा सरडा, गवत-पाला खाणारा, थंडीत बिळात झोपून काढतो आणि याच दिवसांत बाहेर यायला लागतो. रात्री तो बिळाचं तोंड आतून मातीनं बंद करतो. मी बिळापासून सात-आठ मीटरवर पालथी पडले, लेन्सखाली कापडी पिशवीत वाळू भरून ठेवली, ट्रायपॉडपेक्षा हे कितीतरी बरं. पाऊण तास काही नाही. मग त्या मातीच्या बुचाला मधेच एक बारीक भेग पडली. दोन-तीन कण आत गळले. पुन्हा दहा मिनिटं शांत. मग नाकाचं टोक, मग एक डोळा, पापणीवर माती तशीच. तो तसाच अर्धा बाहेर, अर्धा आत बसून राहिला, छाती जमिनीला टेकवून ऊन घेत. बाहेर आला तेव्हा अंग काळपट राखाडी होतं, तासाभरात ते फिकं, वाळूच्या जवळ जाणारं झालं. शेपटीवरच्या काट्यांच्या एकेक कड्या मोजता येत होत्या. मग तो चार पावलं गेला आणि वाऱ्यानं पडलेलं रोहिड्याचं एक फूल तोंडात धरून चावायला लागला. नारिंगी पाकळी तोंडाबाहेर लोंबत होती. हा फोटो माझ्याकडं आहे. तेलासाठी यांची चोरून शिकार होते म्हणून बिळं कुठं आहेत ते कुणालाच सांगू नका, फोटोसोबत लोकेशन टाकू नका, माळढोकचं तर अजिबातच नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. वारं असताना लेन्स बदलायची नाही, मी लांबची कॅमेऱ्याला लावूनच ठेवली आणि रात्रीची वाइड लेन्स फक्त तंबूच्या आत, पिशवीत हात घालून बदलली. काचेवर वाळू आली तर फुंकणीनं उडवा, कापडानं पुसली की ओरखडा पडलाच. ट्रायपॉडच्या पायाचा सगळ्यात खालचा भाग आधी उघडा, म्हणजे जोड वाळूच्या वर राहतो. वाळू उजळ असते त्यामुळं कॅमेरा फोटो काळपट काढतो, एक्स्पोजर थोडं वर ठेवा. चार्जिंग ढाणीवर होतं पण लाइट जायची, दोन पॉवरबँक पुरले. पाणी दोघांना दिवसाला आठ लिटर धरलं, अण्णांच्या बीपीच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवल्या होत्या, एक बॅग हरवली तरी चालेल म्हणून.

२७ सारखेच २८ च्या संध्याकाळीही ढग होते, ज्या अमावस्येसाठी एवढा खटाटोप केला ती ढगातच गेली, मनाला लागलं. १ मार्चला मात्र आभाळ धुतल्यासारखं. सूर्य बुडाला तशी पश्चिमेला नखासारखी चंद्रकोर आणि तिच्या वर उजवीकडं शुक्र, इतका ठळक. डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, पूर्वेकडं पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी तांबडा मंगळ. चंद्र आठनंतर मावळला आणि मग खरा अंधार. अण्णा दक्षिणेला तोंड करून उभे होते, म्हणाले अगस्ती लई खाली गेलाय गं. खरंच, सांगलीत या दिवसांत रात्री नऊच्या सुमाराला तो बऱ्यापैकी वर असतो, इथं क्षितिजापासून जेमतेम दहा अंश. आणि ध्रुव तेवढाच वर चढलेला. आपण किती उत्तरेला आलोय ते नकाशापेक्षा मला तिथं जास्त कळलं. २० सेकंद, एफ २.८, आयएसओ ३२०० वर रोहिडा पुढं घेऊन मृग काढला. मालकीणबाईंनी बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी आणि ताक दिलं, आम्ही त्यांना भडंग दिलं, त्यांच्या नातवानं ते अंधारात बसून सगळं संपवलं.

२ मार्चला सकाळी तंबू काढला. पोती रिकामी केली, खड्डे बुजवले, प्लास्टिकचा कपटा राहू दिला नाही. निघताना अण्णांनी पोती घडी करून मालकांना दिली. ३ ला जोधपूर, ५ ला सकाळी सांगली. दोघांचा सगळा खर्च ४१,२०० रुपये झाला: रेल्वे थर्ड एसीनं जाऊन-येऊन ८,८००, बस २,०००, जैसलमेरला लॉज दोन रात्री ३,६००, ढाणी तीन रात्री ४,५००, जीप ७,०००, लेन्स ७,०००, तंबू ४,८००, बाकी तिकिटं, रिक्षा, पाणी, खाणं मिळून ३,५००. तंबू कुणाकडून मागून घेतला तर तेवढे वाचतील. लेन्सचं डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, देताना झूमच्या रिंगमध्ये वाळू अडकलीय का ते त्यांनी कानाशी धरून फिरवून बघितलं.

गेल्या आठवड्यात फोटो छापायला दिले. सांड्याचा मोठा छापला, तो माझ्या खोलीत आहे. अण्णांना मात्र माळढोकचाच पाहिजे होता. स्टुडिओवाला म्हणाला, काका यात पक्षी बारीक दिसतोय, क्रॉप करून मोठा करून देऊ का. अण्णा म्हणाले, "नको, माळबी दिसू दे." आता तो सोप्यात लावलाय, कोणी आलं की अण्णा उठून ठिपक्यावर बोट ठेवतात.